कोऱ्या चार ओळी

आमच्या गल्लीच्या तोंडाशी तीन रस्ते मिळत, तिथे शनिवारी सकाळी हमखास एक लिंबू पडलेलं असे — मधोमध चिरलेलं, कुंकवानं माखलेलं, बाजूला चार लाल मिरच्या आणि कधीकधी उडदाचे काळे दाणे. सायकलवाले हँडल वळवत, शाळेत जाणारी मुलं भिंतीला दप्तर घासत कडेनं सरकत, दूधवाला तर क्षणभर थांबून, नीट बघून, मग मोटरसायकल नालीच्या काठाकाठानं काढी... आणि माझी आई माझं बोट धरून सरळ त्यातून चाले. एकदा तिनं ते लिंबू चपलेच्या टोकानं नालीत ढकललं. मी घाबरून वर पाहिलं तर म्हणाली, "पाय घसरेल कुणाचा तरी." एवढंच. आणि पुढे मंडईत जाऊन तिनं भाव करून पालक घेतला.

त्याच बाईला पुढे पेढ्याची भीती वाटू लागली. ती कशी वाटू लागली ते मला लिहून काढायचं आहे, कारण त्यात माझा हात होता — म्हणायचा म्हणून नव्हे, खरोखरचा, पेन धरलेला.

आम्ही दाना ओलीत दोन खोल्यांत राहत होतो. आजोबा नगरकडून एका पाद्र्याचे स्वयंपाकी म्हणून ग्वाल्हेरला आले आणि इथेच राहिले. त्यांच्याबरोबर मराठी आली, मराठी पवित्र शास्त्र आलं, आणि बोंबलाची आठवण आली, जी इथे कधी भागली नाही. पप्पा दाल बाज़ारात एका आडतीवर पोत्यांची तोंडं शिवायचे. संध्याकाळी ते घरी येत तेव्हा त्यांच्या भुवयांवर तुरीची पिवळी पूड बसलेली असे, अंगाला सुतळीचा आणि तागाचा वास येई, आणि दाभण धरून धरून त्यांचा अंगठा इतका जाड झाला होता की पेन त्यांच्या हातात ठरत नसे. सही करताना ते जीभ दातांत धरत. आई बोट फिरवत फिरवत वाचायची, पण लिहायला कचरायची. म्हणून मी तिसरीत गेले तेव्हापासून घरातले सगळे कागद माझ्याकडे आले — रेशनचा अर्ज, गॅसची वही, गावच्या आत्याला पत्र. "शालू भरेल," पप्पा म्हणत, आणि हे म्हणताना त्यांचा चेहरा असा होई की जणू घरात एखादा वकीलच राहत आहे.

शेजारी पवारकाकू. त्यांच्या सासऱ्यांचे आजे-पणजे कधीकाळी फौजेतून इकडे आले. आता काकांचं नया बाज़ारात जळालेल्या विजेच्या मोटारींची तार पुन्हा गुंडाळून द्यायचं दुकान होतं. आमचा नल आणि त्यांचा नल एकच. पाणी आलं की आई आणि काकू बादल्या लावून बसत, आणि त्या अर्ध्या तासात दोघींचं जे बोलणं होई त्यात मराठी कधी संपली आणि हिंदी कधी लागली हे दोघींनाही कळत नसे. काकू आईला चिडवत, "सगुणे, तुमच्यात उपास नाहीत, सोवळं नाही, सगळी मजाच. पुढच्या जन्मी मीही तुमच्यात येते." आई म्हणे, "या की वहिनी, पण आमच्यात पुढचा जन्मच नाही." आणि दोघी हसत. चैत्रात काकूंकडची आंब्याची डाळ आमच्याकडे यायची, नाताळात आमच्या करंज्या त्यांच्याकडे जायच्या. ताटल्यांची इतकी अदलाबदल झाली होती की कुठली कुणाची हे विचारणं दोन्ही घरांनी सोडून दिलं होतं.

रविवारी आम्ही गिरजात जायचो. तिथे सगळं हिंदीत. आमचे म्हातारे पाद्रीसाहेब छत्तीसगढचे, आवाज बारीक, कोटाच्या खिशात नेहमी काहीतरी खायचं. एकदा मुलांच्या वर्गात त्यांनी एक अक्रोड मुठीत धरला आणि आम्हाला म्हणाले, काढून घ्या. आम्ही सातआठ जण तुटून पडलो. कुणी बोट ओढलं, कुणी नखं लावली, एकीनं तर गुदगुल्याही करून पाहिल्या. मूठ सुटली नाही. मग त्यांनी सांगितलं की तुम्ही म्हणजे हा अक्रोड. ज्यानं तुम्हाला धरलं आहे त्याच्या हातातून सैतान काय, सैतानाचा बापही तुम्हाला काढू शकत नाही. मी घरी येऊन आईला हे सांगितलं तेव्हा ती पीठ मळत होती. "हो मग," ती म्हणाली. जणू मी तिला सांगितलं होतं की सूर्य पूर्वेला उगवतो.

मोनू माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. बाप्तिस्म्याचं नाव विनय, पण ते कुणी वापरलंच नाही. आठ महिन्यांचा होता तेव्हा जानेवारीत त्याला सर्दी झाली. ग्वाल्हेरची जानेवारी ज्यांनी पाहिली आहे त्यांना सांगायला नको — दुपारपर्यंत धुकं, ओल्या गोधडीसारखी भिंत, आणि कोळशाच्या सिगडीचा तो कडवट, डोळ्यांत जाणारा धूर. तो दूध ओढेना. काकू आल्या, त्याच्या कपाळाला हात लावला, म्हणाल्या, दृष्ट लागली असेल ग, काढून टाकू का? आई त्याला छातीशी धरून बसली होती. ती हो म्हणाली नाही, नको म्हणाली नाही. काकूंनी मूठभर मीठ-मोहरी त्याच्यावरून ओवाळून सिगडीत टाकली. मोहरी तडतडली, एक उग्र वास घरभर पसरला. दुसऱ्या दिवशी त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले निमोनिया, उशीर केलात. तिसऱ्या दिवशी तो गेला.

आई रडली, महिनोन्‌महिने रडली, पण घाबरली नाही. हा फरक मला तेव्हा कळत नव्हता, आता कळतो. भाजी चिरताना मध्येच सुरी थांबवून बसे. पण विचारलं तर सांगे, तो कुणाजवळ आहे ते मला माहीत आहे, फक्त माझे हात रिकामे झालेत. दोन वर्षांनी ती पुन्हा थोडं थोडं गुणगुणू लागली होती.

मी सहावीत असताना आमच्या गिरजात एक प्रचारक आले. उंच, गोरे, पांढरा कुर्ता, आवाज असा की खिडक्यांच्या काचा थरथराव्यात. सगळे त्यांना भाईसाहब म्हणत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं की विश्वास ठेवणाऱ्यावर प्रभूचा शिक्का असतो हे खरं. पण घराला जशी दारं असतात तशी आयुष्यालाही असतात, आणि एखादं दार नकळत उघडं राहिलं की त्यातून दुष्टात्मा शिरतो, आणि मग आजार, नापास होणं, नोकरी जाणं, भांडणं. दारं शोधायची कशी? त्यासाठी त्यांनी एक छापील कागद आणला होता. वर ठळक अक्षरांत 'आत्मिक जाँच पत्र', खाली तीसबत्तीस प्रश्न, प्रत्येकापुढे दोन चौकोन — हाँ, नहीं. प्रत्येक घराला एक.

रविवारची दुपार. आम्ही छतावर उन्हात बसलो होतो. आई मटार सोलत होती, पप्पा माझ्या दप्तराचा तुटलेला पट्टा दाभणानं शिवत होते, आणि मी पालथी पडून कागद भरत होते. मी प्रश्न वाचायची, आई उत्तर द्यायची. कधी ताबीज किंवा काळा धागा घातला आहे? "माझ्या आजीनं बांधला होता की, मी लहान असताना. हाँ लिही." मूर्तीपुढे ठेवलेलं खाल्लं आहे? "वहिनींची डाळ दर वर्षी खाते. तीही गौरीपुढे ठेवलेलीच असते. हाँ." हात दाखवला आहे? "एकदा मेळ्यात. पोपटानं चिठ्ठी काढली होती, तेही चालतं का बघ त्यांना." पप्पांनी दोरा तोडता तोडता म्हटलं, एवढं सगळं कशाला सांगायचं?

"खोटं कशाला लिहायचं?" आई म्हणाली. "मी कुणाची आहे ते त्याला ठाऊक आहे. कागदानं काय होतंय?"

तेवढ्यात खालून काकूंची हाक आली, नल आला. आई ओच्यातले मटार परातीत टाकून उठली. पप्पाही बादल्या घेऊन गेले. मी एकटी राहिले, आणि कागदाच्या शेवटी राहिल्या चार कोऱ्या ओळी. वर छापलं होतं — अन्य विवरण.

आता हे समजावं म्हणून माझ्या शाळेबद्दल सांगायला हवं. सरकारी शाळा, जमिनीवर तागाच्या टाटपट्टीवर बसायचं, आणि आम्हाला शिकवणाऱ्या बहनजींचा एकच मंत्र होता: उत्तरपत्रिकेत जागा कोरी सोडायची नाही. येत असो, नसो, लिहायचं. कोरी ओळ म्हणजे आळशी मुलगी. मी त्यांची सर्वांत आज्ञाधारक विद्यार्थिनी होते. मला कोऱ्या ओळी बघवत नसत. मी पेन चावत थोडा वेळ विचार केला, आणि मग माझ्या सर्वांत चांगल्या अक्षरात, शिरोरेघा पट्टीनं आखल्यासारख्या सरळ काढत लिहिलं — मेरे छोटे भाई मोनू को निमोनिया हुआ था, तब पड़ोस की काकी ने नमक-राई से उसकी नज़र उतारी थी। माँ ने मना नहीं किया। तीसरे दिन मोनू चला गया।

बरोबर चार ओळी भरल्या. मला त्याचा आनंद झाला होता, हे मी लपवणार नाही.

पुढच्या रविवारी गिरजा गच्च भरला होता. मागे उभं राहायलाही जागा नव्हती. भाईसाहबांनी कागद आधीच वाचून ठेवले होते. नंतर कळलं, बाकी सगळ्या घरांनी उभ्या उभ्या नहीं, नहीं, नहीं अशी खूण केली होती — ज्यांच्या टेम्पोला लिंबू-मिरची लटकत असे त्यांनीही, ज्यांच्या सुनेला मूल व्हावं म्हणून दर्ग्यावर चादर गेली होती त्यांनीही. मंडळीत खरा भरलेला कागद एकच निघाला. त्यांनी आईचं नाव घेतलं. ती डोक्यावर पदर घेऊन पुढे गेली, तेव्हाही तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, थोडा संकोच होता फक्त. मग त्यांनी माइकवर माझ्या चार ओळी वाचल्या. वाचण्याआधी म्हणाले, "लिखावट देखिए, कितनी सुंदर है।"

आईनं वळून माझ्याकडे पाहिलं नाही. ती पाहत होती पाद्रीसाहेबांकडे, जे पहिल्या ओळीत खुर्चीवर बसले होते. पाद्रीसाहेब गीतांच्या पुस्तकाची पानं उलटत होते. मग तिनं तिच्या मोडक्या हिंदीत सांगितलं की माझ्या मुलाचा बाप्तिस्मा झाला होता, तो प्रभूचाच होता.

"बच्चा तो प्रभु का ही था, बहन," भाईसाहब अगदी मऊ आवाजात म्हणाले. "इसीलिए तो शत्रु को दरवाज़ा चाहिए था। दरवाज़ा आपने दिया।"

नंतर बायकांनी तिला घेरलं, डोक्यावर हात दाबले, तेल लावलं, मोठमोठ्यानं प्रार्थना सुरू झाल्या. तिनं थरथरावं, ओरडावं, पडावं अशी सगळ्यांची अपेक्षा होती. ती नुसती उभी होती. किती वेळ गेला सांगता येत नाही; शेवटी पाय दुखले म्हणून ती खाली बसली, आणि ती बसली म्हणजे सुटली असं ठरलं. टाळ्या वाजल्या. पप्पा माझ्या शेजारी होते. त्यांचा जाड अंगठा खिशातल्या रुमालाला घासत राहिला होता.

पुढच्या शनिवारी आईनं गल्लीच्या तोंडाशी माझं बोट घट्ट धरलं आणि मला भिंतीच्या कडेनं नेलं.

मग एकेक गोष्ट घरातून जाऊ लागली. आजीच्या वेळची पितळी समई गेली — आम्ही तिच्यावर नुसती छत्री अडकवायचो. मेळ्यातून कधीतरी आणलेला लाकडी पोपट गेला. पाणी आलं की आई आता काकूंच्या आधी किंवा नंतर जाई. दर संध्याकाळी ती दारांच्या चौकटींना प्रार्थना केलेल्या तेलाचं बोट लावत फिरे, आणि मग पुन्हा एकदा फिरे, पहिल्यांदा नीट लागलं नसेल म्हणून. गुणगुणणं थांबलं. आणि त्याच बाईनं मला शिकवलं, हेही खरं आहे. दहावीनंतर पप्पा म्हणाले पुरे, तर तिनं दोन दिवस जेवण सोडलं. कॉलेजच्या प्रवेशाच्या रांगेत ती माझ्याबरोबर सकाळपासून उभी राहिली, माझ्या डोक्यावर पदराची सावली धरून. आमच्या घराण्यात बी. ए. झालेली मी पहिली. जे काही मी आहे ते तिच्यामुळे आहे, आणि तिचं जे झालं ते माझ्या लिहिण्यामुळे. या दोन वाक्यांमध्ये मी आयुष्यभर ये-जा करते आहे.

निकालाच्या दिवशी काकू पेढे घेऊन आल्या. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्या आमच्या दारात उभ्या होत्या. आई पुढे झाली, हात जोडले, म्हणाली, आमच्यात चालत नाही वहिनी.

"अग सगुणा, दुकानातून सरळ इथे आणलेत," काकू म्हणाल्या. "तुझ्यासाठी म्हणून देवापुढे ठेवलेसुद्धा नाहीत."

आईचे जोडलेले हात सुटले नाहीत. काकूंनी पुडा पदराखाली घेतला, माझ्या गालाला हात लावला आणि गेल्या. मी पेढा मागून घेऊ शकले असते. मी घेतला नाही, आई बघत होती.

कॉलेजात असताना एकदा मी पाद्रीसाहेबांना भेटायला गेले होते. निवृत्त झाले होते, कंपाउंडमधल्या एका खोलीत चहात बिस्किट बुडवत बसले होते. मी विचारलं, तुम्हाला ठाऊक होतं ना, की असं काही नसतं? मग बोलला का नाहीत? बिस्किट तुटून कपात पडलं. ते चमच्यानं काढत राहिले. "बेटी, उस दिन गिरजा भरा हुआ था," म्हणाले. "बरसों बाद।"

पप्पा गेल्यावर आई माझ्याकडे राहायला आली. मी आता मुलींच्या शाळेत शिकवते. तिची किडनी बिघडली, पाय सुजायचे. दुपारी मी शाळेतून आले की ते कोमट पाण्यात ठेवून चोळायची. अशाच एका दुपारी मी धीर केला आणि सांगितलं की त्या चार ओळी मी लिहिल्या होत्या, तू नव्हतीस तेव्हा, तुला न विचारता. वीसपंचवीस वर्षं हे वाक्य माझ्या घशात होतं.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "घरात दुसऱ्या कुणाचं अक्षर तसं होतं?" मग, अगदी मनापासून, "बरं झालं लिहिलंस. नाहीतर मला कधी कळलंच नसतं."

मला वाटलं होतं ती रागावेल, किंवा माफ करेल. दोन्हींची तयारी होती. आभाराची नव्हती. मी तिला समजावू लागले — फुप्फुसं, थंडी, सिगडीचा धूर, एक दिवसाचा उशीर. ती ऐकत होती, जसं मी लहानपणी कविता पाठ म्हणून दाखवताना ऐकायची, माझ्या हुशारीचं कौतुक करत. मी विचारलं, आई, तू कुणाची आहेस? "त्याचीच ग," ती म्हणाली, "पण दार मी उघडलं होतं." आणि मग तिनं सांगितलं की मला मोनूजवळ ठेवू नका. पप्पांजवळ ठेवा, कब्रस्तानाच्या नव्या भिंतीकडे. "त्याच्याजवळ नको. माझ्यामुळे एकदा झालं ते पुष्कळ झालं."

दोन वर्षांपूर्वी ती गेली. कब्रस्तानातला माणूस फावडं घेऊन विचारत होता, कुठे खणू? सगळे माझ्याकडे पाहत होते. नव्या भिंतीजवळ पप्पांच्या शेजारी जागा होती. मोनूच्या शेजारीही होती, कारण मुलांच्या कबरी लहान असतात. मला आयुष्यात जे सांगितलं गेलं ते मी केलं, जे विचारलं गेलं ते लिहिलं. त्या दिवशी मी मोनूच्या बाजूला बोट केलं.

काकू आल्या होत्या, काठी टेकत. माती लोटून झाल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं आणि विचारलं, "तिनं मला का टाकलं, ते आता तरी सांग." मी सगळं सांगितलं, कागद, चार ओळी, माइक.

"अग पोरी, मीठ-मोहरीच होती ना ती," त्या म्हणाल्या. "आणि तीही तुमच्याच डब्यातली."

मी अजून गिरजात जाते. माझा विश्वास गेलेला नाही. गेला असता तर चीड धरायला सोपं झालं असतं. वर्षातून एकदा, नोव्हेंबरच्या सुरुवातीला, आम्ही सगळे कबरी धुवून तिथे मेणबत्त्या लावतो. मी गवत उपटते, दोन्ही कबरींवर पाणी शिंपडते, आणि मधल्या वीतभर जागेत दोन मेणबत्त्या उभ्या करते. आई तिथे निश्चिंत आहे की अजून अंग चोरून, मुलापासून लांब सरकून पडली आहे, हे मला सांगणारं कुणी नाही. तिथे वारा फार असतो. मी तो कुठल्या बाजूनं येतो ते बघते, आणि एक वीट उचलून त्या बाजूला ठेवते.